पाठीत राहिलेली सुई

"काय जाणवतंय का, सर?"

"काही नाही."

"जरासुद्धा न्हाई?"

"नाही."

माझं तोंड टेबलाच्या भोकात होतं. आम्हा कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने मणके बसवणाऱ्या, लोकांच्या टेबलाला डोक्याच्या बाजूला एक भोक असतं, पालथं झोपलेल्या माणसाला श्वास घेता यावा म्हणून. जन्मभर मी दुसऱ्यांची तोंडं त्या भोकात घातली. स्वतःचं घालायची पाळी पन्नाशी उलटल्यावर आली. तिथून दिसायची ती मिरजेच्या त्या हॉलची पिवळट फरशी आणि रणधीर घोरपडेचे पाय. पाय अस्वस्थ होते. अंगठे वर-खाली होत होते.

"मॅडम," तो वरून म्हणाला, "ह्यांना काहीच हुईना."

वागळे मॅडमच्या सपाता सावकाश जवळ आल्या, थांबल्या. "घाई करू नकोस. सुई लावायची आणि वाट बघायची. ची बोलावून येत नाही."

ची म्हणजे काय हे मला त्या वर्गात बसूनही नीट कळलेलं नव्हतं. मॅडम तरुणपणी चीनमध्ये राहून अॅक्युपंक्चर शिकून आलेल्या. सत्तरीच्या घरातल्या, काटकुळ्या, आवाज असा की वर्गातली माशीही बसून ऐकेल. शरीरात ची नावाची एक शक्ती वाहते, तिच्या वाटा ठरलेल्या आहेत, वाट कुठे तुंबली की दुखणं येतं, असं त्या शिकवायच्या. सुई बरोबर जागी लागली की पेशंटला आत काहीतरी होतं. जड वाटतं, ठणकतं, मुंग्या येतात, कुणीतरी आतून दोरी ओढल्यासारखं होतं. तसं झालं की "ची आली" म्हणायचं. आम्ही मणके मोजणारी माणसं. मानेपासून खाली कितवा मणका सरकलाय ते बोटांनी सांगणार आणि झटका देऊन बसवणार. मॅडम त्याच मणक्याच्या बाजूला बोट ठेवून म्हणायच्या, "हा फुफ्फुसाचा बिंदू. फुफ्फुसात शोक राहतो." आम्ही एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसायचो.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. कायरोप्रॅक्टरांना अॅक्युपंक्चरची तोंडओळख करून देणारा तो वर्ग होता, दोन महिने, फक्त शनिवार-रविवार. आमची जात आधीच दुर्मिळ. मी इंग्लंडात शिकून सांगलीत दवाखाना टाकलेला. कुणी गोव्याहून यायचं, कुणी हुबळीहून. रणधीर कोल्हापूरचा. पहिल्याच दिवशी मॅडमनी जोड्या लावल्या आणि सांगितलं, शेवटपर्यंत हीच जोडी. ताम्हणकर आणि घोरपडे.

रणधीर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. तालमीच्या वातावरणात वाढलेला, दारातून आत आला की हॉलमधला उजेड कमी व्हायचा. आफ्रिकेत मामाकडे राहून शिकला होता आणि कोल्हापुरात पैलवानांचे मणके बसवायचा. बोलका इतका की सुई टोचताना, सुई काढताना, हात धुताना, सतत चालूच. मला आधी त्याचा कंटाळा यायचा. मग एकदा चहाच्या वेळी त्याने उजवी बाही वर केली. मनगटावर लांब व्रण होता.

"मोटरसायकलवरनं पडलो. सळी हाय आत. आता झटका मारता येत न्हाई. मारला तर पेशंटच्या आधी मीच वरडतो."

कायरोप्रॅक्टरचं मनगट गेलं म्हणजे गवयाचा गळा गेला.

"मग?"

"मग काय? दवाखान्याला कुलूप. ही सुई तेवढी झेपती मनगटाला. हे जमलं तर पुन्हा कुलूप काढीन. न्हाईतर म्हशी राखायच्या. आणि म्हशीबी भावाच्या."

तो हसला. मी हसलो नाही, कारण मला तेव्हा परीक्षेची अट आठवली. मॅडमनी ती पहिल्या दिवशीच सांगितली होती. परीक्षेत सुई लावणाऱ्याला त्या काहीच विचारणार नव्हत्या. विचारणार होत्या टेबलावर झोपलेल्या त्याच्या जोडीदाराला. त्याला ची आली तर लावणारा पास.

आणि मला ती येत नव्हती. गोव्याची जोडी एकमेकांना टोचून "आली, आली!" असं लग्नाची वरात आल्यासारखं ओरडायची. हुबळीच्या बाईंना तर पायाला सुई लावली की कानात मुंग्या यायच्या. मला टोचल्याचं कळायचं, मुंगी चावावी इतपत. पुढे शुकशुकाट. रणधीरचा हात वाईट नव्हता. सुई एका बारीक प्लॅस्टिकच्या नळीत असते. नळी कातडीवर टेकवायची आणि वरून टिचकी मारायची. तो टिचकी इतकी अलगद मारायचा की मॅडमसुद्धा मान डोलवायच्या. दगडावर पेरलं तर पेरणाऱ्याचा काय दोष?

"सर, एकदा खोटं म्हणा की ओ," परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा तो जिन्यात म्हणाला. "जड वाटतंय म्हणायचं. तुमचं काय जातंय?"

"होत नाही ते कसं म्हणू?"

"बरं," तो म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशीचा, शनिवारचा सराव. फुफ्फुसाच्या बिंदूपासून सुरुवात. तिथे सुई सरळ खुपसायची नाही, तिरपी, जवळजवळ आडवी सरकवायची. खाली फुफ्फुस असतं. रणधीरने लावली, विचारलं, मी म्हणालो, काही नाही. त्याने वाट पाहिली. पुन्हा विचारलं. काही नाही. मग त्याने सुस्कारा टाकला आणि दुसरी सुई घेऊन बोटभर खाली लावली. तिथेही काही नाही. असं करत तो कमरेपर्यंत उतरला. मॅडमनी "चला, आवरा" म्हटलं तेव्हा त्याने सुया काढल्या, मोठ्याने मोजत डब्यात टाकल्या. लावताना मोजायच्या आणि काढताना मोजायच्या, हा नियम. ज्याची सुई पेशंटच्या अंगात राहिली त्याने सरळ घरी जायचं, हाही नियम. मोजणी जुळली. मी शर्ट घालून स्कूटरवर सांगलीला आलो.

वाटेत पाठीला काहीतरी बोचत होतं. शर्टाचं लेबल असेल म्हटलं.

घरी येऊन शर्ट काढताना कापड अडकलं आणि आत चरचरलं. कपाटाच्या आरशाकडे पाठ केली, मान मोडेपर्यंत वळवली, काही दिसेना. नलिनीचा, माझ्या बायकोचा, हातआरसा खणात होता. चार वर्षांत त्याला हात लावला नव्हता. तो समोर धरला तेव्हा डाव्या खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या बाजूला तांबूस मुठीची एक सुई चमकली. तीच, पहिली. तिच्याऐवजी दुसरी लावली म्हणून रणधीरच्या हिशेबात ती लागलीच नव्हती.

मी वरून हात नेला, चार बोटं कमी पडली. खालून नेला, तीन कमी पडली. स्वयंपाकघरातून चिमटा आणला आणि दारातच थांबलो. आंधळेपणाने ओढताना ती आत सरकली तर? पाठीचे सगळे मणके मला नावानिशी ठाऊक होते, आणि माझ्याच पाठीवरची वीतभर जागा मला परमुलूख झाली होती. देवाने माणसाच्या पाठीवर अशी एक जागा ठेवली आहे जिथे त्याचा स्वतःचा हात पोचत नाही. पेशंटना मी हे गमतीने सांगत असे. त्या संध्याकाळी त्यात गंमत दिसेना.

कुणाला बोलवायचं? शेजारी पाटणकर. त्यांच्याशी चार वर्षांत जिन्यात मान हलवण्यापलीकडे संबंध नव्हता. मान हलवण्याच्या ओळखीवर माणूस उघडा होऊन दारात उभा राहत नाही. मुलगा बंगळुरूला, फोन पोचतो, हात पोचत नाही. जुने मित्र होते, पण नलिनी गेल्यावर त्यांची बोलावणी मी इतक्या वेळा टाळली की त्यांनी शहाण्यासारखी ती बंद केली. दवाखान्यात पेशंटांची रांग असायची. दिवसभर मी लोकांच्या पाठींवर हात ठेवायचो. त्यातल्या एकालाही माझ्या घराचा पत्ता माहीत नव्हता. मॅडमना फोन केला असता तर त्या स्वतः आल्या असत्या, पण मग रणधीर संपला.

मिरज स्टेशनाजवळच्या लॉजवर तो उतरत असे. त्यालाच फोन लावला.

"रणधीर, तुमची एक वस्तू माझ्याकडे राहिली."

"काय ओ? डबा?"

"सुई."

पलीकडे एक गाडी हॉर्न देत गेली.

"कुठं हाय?" त्याचा आवाज बारीक झाला होता.

"पाठीत."

"टेकू नका, सर! झोपू नका! हात लावू नका! पत्ता सांगा."

दिवेलागण झाली होती. मी स्टुलावर ताठ बसून राहिलो. खुर्चीला टेकता येत नव्हतं, पलंगावर पडता येत नव्हतं. मग उठून दिवाणखान्यातला मोठा दिवा लावला. तो जळतो की नाही हेही मला माहीत नव्हतं. एकट्याला कोपऱ्यातला लहान पुरायचा. चहाचं आधण ठेवलं आणि दोन माणसांना साखर किती लागते ते आठवेना. जिन्यात पाऊल वाजलं की कान टवकारायचे. पाटणकर वर गेले. दूधवाला खाली उतरला. मी कुणाची तरी वाट बघत होतो, आणि पाठीत सुई असूनही, लाज सोडून सांगतो, मला बरं वाटत होतं.

रणधीर आला तो धापा टाकत. एका हातात भडंगाचा पुडा. एवढ्या घाईतही रिकाम्या हाताने यायला त्याला जमलं नव्हतं. चेहरा पांढरा. त्याने हात कोपरापर्यंत धुतले, माझ्यामागे उभा राहिला आणि डावा तळवा माझ्या पाठीवर सपाट ठेवला. सुई काढताना कातडी दाबून धरायची असते, त्यासाठी. तळवा मोठा होता, ऊन होता.

"काय जाणवतंय का, सर?" सवयीने त्याने विचारलं.

माझ्या तोंडात "काही नाही" तयार होतं. ते बाहेर येईना.

"काढा," एवढंच म्हणालो.

"काढली की कवाच."

तो कापूस दाबून उभा राहिला. रक्त नव्हतं. तरी त्याने हात काढला नाही, आणि मी काढा म्हटलं नाही.

"पाठ लई ताठ हाय ओ तुमची," थोड्या वेळाने तो म्हणाला. "लाकडागत. घरात कोण नस्तं?"

मग मी सांगितलं. नलिनी एका दुपारी डोकं धरून खाली बसली आणि उठलीच नाही. मी तेव्हा दवाखान्यात कुणा परक्या माणसाची मान बसवत होतो. लोक भेटायला आले. बायका बायकांच्या गळ्यात पडून रडल्या. पुरुषांनी मला हात जोडले, "सावरा" म्हणाले आणि चपला शोधायला लागले. मी सावरलो. इतका की पुन्हा कुणाला यायची गरज वाटली नाही.

चहा फार गोड झाला होता, तो रणधीरने मुकाट्याने प्यायला. उठताना म्हणाला, "सर, उद्या मी मॅडमना सांगणार. सुई राहिली म्हणून."

"वेडे आहात का? मी बोलणार नाही कुणाला."

"तुमी बोलणार न्हाई. पण तुमी सुई वळखली. एखादी म्हातारी असती तर तशीच झोपली असती." तो चपला घालायला वाकला. "म्हशी काय, राखू."

रविवारी सकाळी सगळ्यांसमोर त्याने सांगितलं. गोव्याच्या जोडीने माना खाली घातल्या. मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"ताम्हणकर, कशी राहिली?"

"मी 'काही नाही' म्हणालो म्हणून त्यांनी दुसरी लावली. पहिली दोघांच्याही ध्यानातून गेली."

"पाठ तुमची आणि ध्यानातून गेली?"

"हो."

त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग रणधीरकडे वळल्या. "नियमाने तू घरी जायला हवंस. पण न विचारता सांगितलंस. आज तुला एकच सुई. तीच जागा. ची आली तर आली. नाही आली, तर पुन्हा माझ्याकडे यायचं नाही."

मी टेबलावर पालथा झालो. तोंड भोकात घातलं. खाली तीच पिवळट फरशी आणि रणधीरचे पाय. आज ते हलत नव्हते. बाजूला मॅडमच्या सपाता. मी मनाशी ठरवलं होतं, आज खोटं बोलायचं. वाक्यसुद्धा तयार होतं. जड वाटतंय, मॅडम. एका माणसाचा दवाखाना उघडत असेल तर एका खोट्याने माझी जीभ झडणार नव्हती.

कुणीतरी स्पिरिटचा बोळा फिरवला, गार लागलं. मग त्याचा डावा तळवा पाठीवर आला. तोच, ऊन. तो तसाच राहिला.

"काय जाणवतंय, ताम्हणकर?" मॅडमनी विचारलं.

तयार वाक्य कुठे गेलं कोण जाणे.

"जड," मी म्हणालो. "तिथून खाली उतरतंय काहीतरी. छातीत. ओढ लागल्यासारखं... ठणकतंय, मॅडम. भरून आल्यासारखं होतंय."

"दुखतंय?"

"दुखतंय."

"सहन होतंय?"

"असू दे," मी म्हणालो. "काढू नका."

टेबलाच्या भोकातून एक थेंब फरशीवर पडला. मग आणखी. रणधीरच्या अंगठ्यापाशी ओलं झालं. त्याने पाय मागे घेतला नाही. सपाता एक पाऊल पुढे आल्या, थांबल्या, आणि सावकाश दुसऱ्या टेबलाकडे निघून गेल्या.

"घोरपडे, पास," तिकडून आवाज आला. "पुढची जोडी."

दुपारी मी त्याला मिरजेच्या स्टँडवर सोडायला गेलो. कोल्हापूर गाडी लागलेली होती. तो खिडकीची जागा धरून बसला, मी खाली उभा. नेहमीचा बोलका माणूस, पण स्टँडवर आल्यापासून घुम्यासारखा झाला होता.

"सर, एक इचारू? खरं सांगा. माझ्यासाठी खोटं बोलला न्हाई न्हवं?"

"बोलणार होतो. पण बोललो नाही. खरंच झालं तसं."

तो खिडकीच्या गजाला कपाळ लावून माझ्याकडे बघत राहिला.

"मॅडमनी इचारलं तवा," तो हळू आवाजात म्हणाला, "सुई माझ्या उजव्या हातात होती. नळीतच. मी लावलीच नव्हती ओ अजून. नुस्ता हात ठेवला होता."

ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. खिडक्या थडथडू लागल्या.

"आणि मॅडम?"

"त्यांनी बघितलं की. माझ्याकडं बघून ओठावर बोट ठेवलं. तुमचं बोलून झाल्यावर डोळ्यानंच म्हणाल्या, आता लाव. मग मी लावली." तो थांबला. "तुमाला कवा गेली ते कळलं का?"

"नाही."

"मग मी पास कसा ओ?"

कंडक्टरने घंटी दिली. गाडी मागे सरकायला लागली तसा मी खिडकीबरोबर चालू लागलो. असं गाडीबरोबर चालणारी माणसं मला नेहमी हास्यास्पद वाटत आली होती.

"रणधीर, पुढच्या शनिवारी येणार का?"

"कशाला? कोर्स संपला की!"

"घरी. असंच."

आधी त्याच्या लक्षात आलं नाही. मग आलं. त्याचं सगळं तोंड उजळलं, आणि तो इंजिनाच्या आवाजावर ओरडला, "येतो की! सुया आणू का?"

"नको," मीही ओरडलो. "नुसते या."